मंडळीचं पुढारपण नम्रतेनं कसं करावं: पाळक, पंच आणि संघप्रमुखांसाठी

येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याच्या शिष्यांमध्ये वाद लागला. आपल्यात मोठा कोण? लूकच्या शुभवर्तमानात, २२व्या अध्यायात, तो नोंदलेला आहे. भाकर मोडून झाली होती, प्याला फिरला होता आणि त्याच मेजाभोवती ही कुरबुर सुरू झाली. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतही मोठेपणाची भांडणं बहुधा उपासनेच्या आसपासच होतात. नाताळच्या कार्यक्रमाचं अध्यक्षपद कोणाकडे, वर्धापनदिनाच्या पत्रिकेवर कोणाचं नाव आधी, पाहुण्यांच्या शेजारी कोण बसणार, यावरून वर्षानुवर्षं न बोलणारी घराणी आपल्या प्रत्येकाला माहीत आहेत.

नम्रतेवर संदेश पुष्कळ होतात. ते ऐकून माणूस हळू बोलायला लागतो, "मी काहीच नाही, सगळा महिमा प्रभूचा" म्हणतो, आणि सोमवारी चेकबुक, किल्ल्या व सभेची विषयपत्रिका पुन्हा त्याच्याच हातात असते. पुढाऱ्याची नम्रता त्याच्या बोलण्यावरून ओळखू नये असं माझं ठाम मत आहे. त्याच्यासमोर कोणाला तोंड उघडता येतं, पैसा किती जणांच्या नजरेखालून जातो, त्याची चूक त्याला कोण सांगू शकतं, हे पाहावं. म्हणून इथे स्वभावाविषयी थोडं आणि कामाच्या पद्धतीविषयी जास्त लिहितो आहे.

पहिली पायरी: पदाची लाज नको, पदाचा आधारही नको

योहानाच्या १३व्या अध्यायातला पाय धुण्याचा प्रसंग आपण दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या रात्री वाचतो. त्यातलं तिसरं वचन घाईघाईत निसटून जातं. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो हे येशूला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असताना तो भोजनावरून उठला, रुमाल कमरेला बांधला. पाय धुऊन पुन्हा बसल्यावर त्याने शिष्यांना सांगितलं की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच म्हणता. पद त्याने नाकारलं नाही. ज्यांचे पाय धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता, आणि तो काय करणार हे येशूला माहीत होतं.

आपली किंमत देवापाशी ठरलेली आहे हे ज्याला पटलं आहे, त्याला खाली वाकायला भीती वाटत नाही. ज्याची सगळी ओळख पंचाच्या किंवा सेक्रेटरीच्या पदात अडकली आहे, त्याला मात्र कोणी "नमस्कार" करायला विसरलं तरी रात्री झोप लागत नाही.

यासाठी एक वही घ्या. गेल्या वर्षात मंडळीच्या कामात कधी कधी मनाला लागलं ते आठवून लिहा. प्रत्येक प्रसंगापुढे प्रामाणिकपणे नोंदवा की नुकसान मंडळीचं झालं होतं की फक्त आपल्या मानाचं. ही वही घेऊन प्रार्थनेला बसा, आणि नंतर ती एका माणसाला दाखवा. तो आपल्या मंडळीबाहेरचा असावा, तुमची बदली, हिशेब किंवा सोयरीक त्याच्याशी अडकलेली नसावी, आणि तुम्हाला रागावण्याइतका तो वयाने किंवा अनुभवाने मोठा असावा. असा माणूस नसेल तर पुढच्या पायऱ्यांआधी तो शोधा.

दुसरी पायरी: अधिकार कुठे साचला आहे ते मोजा

महिनाभर नुसतं बघा, काही बदलू नका. मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या इमारतीच्या, किल्ल्या कोणाकडे असतात? बँकेत सह्या कोणाच्या चालतात, आणि त्यांतले दोघं एकाच घरातले आहेत का? माइक कोणाच्या हातात जातो, प्रार्थना करायला नेहमी त्याच तिघांना का सांगितलं जातं? व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिननेच लिहायचं अशी सोय आहे का, आणि ती कोणी केली? महिला मंडळाने ठरवलेली गोष्ट पंच कमिटीत पुन्हा "मंजूर" का करून घ्यावी लागते?

जिथे जिथे उत्तर तुमच्याच नावावर येऊन थांबतं, तिथे खूण करा. यात तुमचा लोभच असेल असं नाही. बऱ्याचदा दुसरं कोणी करत नव्हतं म्हणून कामं गळ्यात पडलेली असतात. निर्गमच्या १८व्या अध्यायात मोशेचंही तेच झालं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्यापुढे उभे, आणि त्याला ती सेवा वाटत होती. "हे तू करतोस ते ठीक नाही," असं त्याला सासऱ्याने, इथ्रोने, सांगितलं. आणि इस्राएलाच्या त्या पुढाऱ्याने बाहेरून आलेल्या मिद्यानी माणसाचा सल्ला जसाच्या तसा अमलात आणला.

तिसरी पायरी: सभा कशी चालवायची

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे. पुढाऱ्याची खरी परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती पंच कमिटीच्या सभेत, रात्री साडेआठ वाजता, चहा येण्याच्या आधी होते.

समजा मंदिरात पाणी गळतं आहे. पाळकसाहेब सभा सुरू करतात: "पावसाळा तोंडावर आलाय. मला वाटतं सगळे पत्रे बदलून टाकावेत. तुमचं काय म्हणणं?" दहा मिनिटांत विषय संपतो. साहेब म्हणतात ते बरोबर आहे असं दोघं वयस्क पंच म्हणतात, बाकीचे माना डोलावतात, ठराव होतो. सभा खेळीमेळीत पार पडली असं इतिवृत्तात लिहिलं जातं.

आता तीच सभा अशी चालवून बघा. "छपराचं काहीतरी करावं लागेल. माझं मत मी शेवटी सांगीन. ताई, तुम्ही दर रविवारी मागच्या खोलीत संडे स्कूल घेता, गळतं कुठे हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. तुम्ही आधी सांगा." ताई थोड्या बिचकतात. मग सांगतात की पत्र्यांतून थेंबही येत नाही, भिंतीलगतची पन्हळ कडुनिंबाच्या पाल्याने तुंबते आणि पाणी उलटं फिरून भिंतीत उतरतं. ही गोष्ट त्यांनी मागच्या पावसाळ्यातही कोणाला तरी सांगितली होती. सगळे पत्रे बदलले असते तरी पुढच्या जूनमध्ये भिंत ओलीच राहिली असती.

सहाव्या शतकात नुर्सियाच्या बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या तिसऱ्या अध्यायात हेच सांगितलं आहे. महत्त्वाची बाब असली की मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण जे अधिक चांगलं आहे ते प्रभू पुष्कळदा धाकट्यालाच प्रकट करतो. पंधराशे वर्षांपूर्वीचा हा नियम आपल्या कमिट्यांमध्ये लावायला काही खर्च नाही. विषयपत्रिका निदान आठ दिवस आधी सर्वांना द्या आणि त्यात विषय घालायची मुभा प्रत्येक सभासदाला ठेवा. खुर्च्या गोल मांडा. ओळीत मांडल्या की स्त्रिया आणि तरुण आपोआप मागे जातात आणि मागे बसलेला माणूस बोलत नाही. वयाने लहान, नव्याने निवडून आलेल्या सभासदापासून सुरुवात करा. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. ती शांतता अंगावर येते, पण घाईने भरून काढू नका, कारण मोठ्या माणसांसमोर बोलायची सवय नसलेल्याला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतोच.

विषय तुमच्या स्वतःच्या पगाराचा, घरदुरुस्तीचा किंवा नातेवाइकाच्या नेमणुकीचा असेल, तर उठून बाहेर जा. "मी बसतो, पण बोलणार नाही" हे पुरेसं नाही, कारण तुमचा चेहरा बोलत असतो. कोणाचा विरोध असेल तर तो त्याच्या नावानिशी, त्याने सांगितलेल्या कारणासह इतिवृत्तात लिहून घ्या, आणि इतिवृत्त सभा उठण्याआधी वाचून दाखवा. ज्या पुढाऱ्याच्या कारकिर्दीत सगळे ठराव एकमताने झाले, त्याच्या मंडळीत लोक घाबरलेले आहेत की काय, हे एकदा तपासून पाहावं.

चौथी पायरी: पैशापाशी स्वतःवर विश्वास ठेवू नका

यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पोचवायची होती तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेले भाऊ बरोबर घेतले, आणि २ करिंथ ८मध्ये कारणही लिहिलं: या मोठ्या देणगीवरून आम्हाला कोणी दोष लावू नये, प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आम्ही करतो. प्रेषित असूनही "माझ्यावर भरवसा नाही का?" असं तो कुठेच म्हणत नाही. आपल्याकडे हिशेब मागितला की हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि तो आला की सभेत कोणी पुढे बोलत नाही.

म्हणून हिशेब कोणी मागायच्या आधी द्या. अर्पण उपासनेनंतर लगेच, मंदिरातच, एका घरातले नसलेल्या दोघांनी मोजावं आणि वहीत दोघांनी सही करावी. रक्कम बँक उघडताच भरावी, घरी ठेवू नये. महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावावा, तोही साध्या भाषेत. "इतर खर्च" या नावाखाली मोठी रक्कम दिसता कामा नये. ज्या संस्थांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे त्यांना हिशेब तपासून घेणं कायद्यानेच भाग आहे, पण तो अहवाल सर्वसाधारण सभेत ओळीने वाचून दाखवणं आणि प्रश्न येईपर्यंत थांबणं हे तुमच्या हातात आहे.

पाचवी पायरी: तक्रार आली की

तक्रार कानावर आली की बहुतेक पुढाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "हे कोण म्हणालं?" तो गिळायला शिका आणि त्याऐवजी "काय झालं?" असं विचारा.

प्रेषितांची कृत्ये, ६वा अध्याय काढा. ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी खुलासा दिला नाही, कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, अंत्युखियाचा नीकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्या गटाची तक्रार होती, वाटपाचं काम बहुधा त्याच्याच माणसांच्या हाती गेलं. भाषेवरून, पूर्वीच्या जातीवरून, गावातल्या आणि शहरातल्या कुटुंबांवरून ज्या मंडळ्यांत आतून गट पडलेले आहेत, तिथे याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

चूक तुमची असेल तर कबूल करायची पद्धतही ठरलेली असावी. खाजगी चूक त्या माणसाच्या घरी जाऊन, मंडळीसमोरची चूक मंडळीसमोर. काय केलं, कोणाला त्रास झाला, आता काय बदलणार, एवढंच सांगा. उदाहरणार्थ: "भाऊबहिणींनो, दफनभूमीच्या भिंतीचं काम मी कमिटीला न विचारता दिलं. तो अधिकार माझा नव्हता. खजिनदारांना त्यामुळे तुमच्यासमोर उत्तरं द्यावी लागली, त्यांची मी क्षमा मागतो. पुढचं बिल कमिटीच्या मंजुरीशिवाय दिलं जाणार नाही." "कोणाचं मन दुखावलं असेल तर" हे शब्द नकोत, ते क्षमेचं ओझं पुन्हा दुखावलेल्यावरच टाकतात. चूक दाखवणाऱ्याशी नंतर तुमचं नातं कसं राहतं, याकडे सगळी मंडळी डोळे लावून असते. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमोर तोंडावर बोल लावला, हे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पुढे पेत्राच्या दुसऱ्या पत्रात त्याच पौलाचा उल्लेख "आपला प्रिय बंधू" असा येतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. अत्याचार, मारहाण, लहान मुलांशी गैरवर्तन अशी तक्रार असेल तर "नम्रतेने घ्या, क्षमा करा, मंडळीचं नाव जाईल" असं सोसणाऱ्याला सांगणं हे पाप आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती मंडळीत दाबणारा पुढारी कायद्यापुढेही दोषी ठरतो. नम्रतेचा उपदेश वरून खाली करायचा नसतो. महायाजकापुढे चपराक बसली तेव्हा येशूसुद्धा गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असं त्याने विचारलं.

सहावी पायरी: नाव आणि फ्लेक्स

अंत्युखियाच्या मंडळीत शौलाला, म्हणजेच पौलाला, आणलं कोणी? बर्णबाने. तो स्वतः तार्सापर्यंत शोधत गेला. सेवेला निघताना प्रेषितांची कृत्ये, १३वा अध्याय, "बर्णबा व शौल" असं म्हणतो. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे "पौल व बर्णबा" असा क्रम होतो. ज्याला आपण हात धरून आणलं त्याचं नाव आपल्याआधी यायला लागलं, आणि बर्णबाने त्यावर काही म्हटल्याची नोंद नाही.

तेव्हा पत्रिकेवर, फ्लेक्सवर, कोनशिलेवर नावं कमीत कमी ठेवायचा नियमच करून टाका. लागतीलच तर आडनावाच्या अक्षरक्रमाने. वाद तिथेच मिटतात. आभार मानताना ज्यांनी सतरंज्या घातल्या, भांडी घासली, जनरेटरला डिझेल आणलं त्यांची नावं विचारून घ्या आणि आधी घ्या. पाळकसाहेबांचे आभार नाही मानले तरी चालतं.

सातवी पायरी: समजेल असं बोला

विद्वत्तेचा तोरा मंडळीत फार लवकर मान्य होतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कोलकात्यात संस्कृतच्या व्यासंगासाठी "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या मिळाल्या होत्या. त्याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्यात घालवली, आणि ते मराठी साध्या, फारशा न शिकलेल्या बायकांना कळावं असा त्यांचा आग्रह होता. छापण्याचं कामही मुक्तीतच झालं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. एवढं संस्कृत येत असूनही त्यांनी ते वाचणाऱ्याच्या अंगावर टाकलं नाही.

तुमचा संदेश झाल्यावर मागच्या बाकावरच्या एखाद्या आजीला विचारा, "आज मी काय सांगितलं?" त्यांना सांगता आलं नाही तर पुढच्या रविवारी संदेश बदला.

आठवी पायरी: हातांनी काम, आणि फोटो नको

२०१३च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. जगभर त्याची चर्चा झाली. आपल्यासाठी मात्र बेनेडिक्टच्या मठातली रीत जास्त उपयोगी आहे, कारण ती वर्षातून एकदा नसे. स्वयंपाकघराची पाळी आठवड्याआठवड्याने सर्वांकडे येई. तुमच्याही नावाची पाळी सफाईच्या, चहाच्या, खुर्च्या उचलण्याच्या यादीत लावा, आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकू देऊ नका.

नववी पायरी: घरी जा, बसा

१९१० साली एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरया या तरुण भारतीय पाळकाने पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, आपली शरीरं जाळायला दिलीत, आम्ही प्रेमही मागतो. आम्हाला मित्र द्या. दोन वर्षांनी ते दोर्नाकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. त्यांच्या त्या वाक्यातली वेदना आज आपल्याच मंडळीतली गरीब कुटुंबं आपल्याबद्दल बोलू शकतील. पाळकसाहेब प्रार्थनेला येतात, उभ्या उभ्या वचन वाचतात, जेवायला मात्र ठरावीक चार घरांतच बसतात.

गृहभेटींची यादी करा आणि कोणत्या घरात किती वेळ बसलात ते लिहा. जिथे सर्वांत कमी, तिथे पुढच्या महिन्यात आधी जा. जे वाढतील ते खा. सल्ला द्यायला जाऊ नका, काहीतरी विचारायला जा: शेतीचं, शाळेच्या प्रवेशाचं, गावातल्या जुन्या मंडळीचं. आपल्याला ज्यातलं काही कळत नाही त्याविषयी विचारलं की समोरचा माणूस मोकळा होतो.

मग निर्णय कोणी घ्यायचा?

वाचता वाचता हा प्रश्न आला असेल. सगळ्यांचं ऐकत बसलं तर काम होणार कधी? बेनेडिक्टच्या त्याच अध्यायात उत्तर आहे. सर्वांचं ऐकल्यावर मठाधिपतीने स्वतः विचार करावा आणि योग्य वाटेल ते करावं. दोन घराण्यांचं भांडण चालू असताना "प्रभू बघून घेईल" म्हणत तीन-तीन वर्षं विषय पुढे ढकलणारा पुढारी नम्र नाही, तो स्वतःला वाईटपणा येऊ नये म्हणून जपतो आहे. ठरवा, कारण सांगा, आणि ते कारण चुकीचं ठरलं तर तेही सांगा.

शेवटची पायरी: सोडताना

मोशेने यहोशवावर हात ठेवले ते एलाजार याजकासमोर आणि सगळ्या मंडळीदेखत, आणि आपल्या अधिकारातला काही भाग त्याला दिला, तोही स्वतः हयात असताना. गणना २७मध्ये हे वाचायला मिळतं. पंचाची मुदत संपायच्या वर्षभर आधी पुढच्या माणसाला शेजारी बसवायला लागा. बँकेत, तहसीलमध्ये, धर्मादाय कार्यालयात त्याला बरोबर न्या. मात्र काल विश्वासात आलेल्याला एकदम पुढे ढकलू नका. १ तीमथ्य ३मध्ये नवशिक्याविषयीची सूचना त्याच्याच भल्यासाठी आहे, तो गर्वाने फुगू नये म्हणून. चार्ज देताना मालमत्तेचे कागद, बँकेची पासबुकं, बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं, किल्ल्या, ग्रुपचं अॅडमिनपद, सगळं यादी करून द्या आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या.

बदली झालेल्या पाळकाने जुन्या मंडळीतल्या लग्नाला, नामकरणाला किंवा दफनविधीला सेवा करायला जायचं ते फक्त तिथल्या नव्या पाळकाने बोलावलं तरच. कुटुंबाने कितीही आग्रह केला तरी त्यांना एवढंच सांगायचं: "आधी तुमच्या पाळकसाहेबांना विचारा. त्यांनी मला फोन केला तर मी येतो." आणि नव्या माणसाविषयी कोणी जुन्या ओळखीने गाऱ्हाणं सांगायला लागलं, तर ऐकून न घेता त्याला त्याच पाळकाकडे पाठवायचं.